गिऱ्हाइकाचा हात कुठे जातो?

"माल चांगला आहे हो, पण लोकांना कळायला नको का? आणि जाहिरात करायची तर पैसे आणायचे कुठून?"

छोटा धंदा करणारा माणूस भेटला की दहा मिनिटांत गाडी या प्रश्नावर येते. मग तो पोळीभाजीचे डबे करणारा असो, ब्लाउज शिवणारा असो, की पाण्याच्या मोटरी दुरुस्त करणारा. प्रश्न रास्त आहे. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते: धंदा कमी आहे म्हणजे तो लोकांना माहीत नाही. हे गृहीतच आधी तपासायला हवं.

या प्रकरणात आपण एकच उदाहरण शेवटपर्यंत धरून ठेवू. समजा, डोंबिवलीत एक काकू घरून डबे देतात आणि दिवाळीला फराळ करतात. मदतीला दोन बायका, रोजचे तीस डबे. जाहिरातीसाठी बाजूला काढता येतील असे साडेतीन हजार रुपये.

१. दुखणं नेमकं कुठलं?

गिऱ्हाईक कमी असण्याची कारणं तीन असू शकतात. एक, तुम्ही आहात हेच लोकांना ठाऊक नाही. दोन, ठाऊक आहे, पण पाऊल वळत नाही. भाव कळत नाही, वेळ कळत नाही, किंवा "आत जाऊन विचारलं आणि घेतलं नाही तर काय म्हणतील" असा संकोच वाटतो. तीन, लोक येऊन गेले आणि परत फिरकले नाहीत.

जाहिरातीचं औषध फक्त पहिल्या दुखण्यावर लागू पडतं. दुसऱ्यावर भावफलक आणि वेळेची पाटी पुरते. तिसऱ्यावर जाहिरात केली तर नाराज माणसं वाढतात, तीही पदरचे पैसे घालून.

आपलं दुखणं कुठलं हे ओळखायला दहा-वीस रुपयांची वही पुरते. नवीन माणूस आला की सुटे पैसे देता देता विचारायचं, "आमचं नाव कुठून कळलं?" आणि तो जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिहायचं. 'ओळखीतून' असं मोघम नको. "समोरच्या विंगमध्ये डबा येतो", "ऑफिसात एकाने थालीपीठ दिलं" असं नेमकं हवं. तोच माणूस दुसऱ्यांदा आला की त्याच्या नावापुढे टिंब द्यायचं. महिन्याभरात वही बोलू लागते. नावंच थोडी असतील तर दुखणं पहिलं. चौकशा भरपूर आणि ऑर्डरी मोजक्या असतील तर दुसरं. नावं भरपूर आणि टिंबं तुरळक असतील तर मात्र पत्रकं छापण्याआधी भाजीची चव बघावी.

२. गरज उभी राहते तेव्हा

समजा, दुखणं पहिलंच निघालं. तरी 'जाहिरात कुठे करू?' हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा: गिऱ्हाइकाला माझी गरज लागते त्या घटकेला त्याचा हात कुठे जातो? जिथे जातो तिथे आपलं नाव हवं. हे ठिकाण प्रत्येक धंद्यात वेगळं असतं, कारण गरजाच तीन जातीच्या असतात.

पहिली अडचणीची गरज. रविवारी सकाळी सिंकखालचा पाईप निसटला आणि स्वयंपाकघरात पाणी झालं. त्या वेळी मागच्या महिन्यात पाहिलेली जाहिरात कुणालाही आठवत नाही. माणूस शेजाऱ्याला विचारतो, फोनवर शोधतो किंवा वॉचमनला हाक मारतो. जुन्या सोसायटीच्या वॉचमनची केबिन एकदा नीट पाहा. रजिस्टरच्या मागच्या पुठ्ठ्यावर बॉलपेनने लिहिलेले नंबर असतात: प्लंबर, इलेक्ट्रिशियन, गॅस, चावीवाला. त्यातल्या एखाद्यावर काट मारून शेजारी नवा लिहिलेला असतो. त्या पुठ्ठ्यावर जागा मिळवलेला प्लंबर वर्तमानपत्रात जाहिरात देणाऱ्यापेक्षा जास्त कामं करतो, असं माझं मत आहे. दुसरी जागा म्हणजे सिंकखालच्या कपाटाच्या दाराची आतली बाजू. काम संपवून हत्यारं आवरताना तिथे एक छोटा स्टिकर लावला की झालं. अर्थात घरच्यांना विचारून.

दुसरी सणावाराची गरज. हिची वेळ पंचांगात छापलेलीच असते. दसऱ्यापासून लक्ष्मीपूजनापर्यंत वीसेक दिवस मिळतात. घरी फराळ करायचा की बाहेरून घ्यायचा, हे बहुतेक घरांत त्या वीस दिवसांच्या सुरुवातीलाच ठरतं. म्हणून फराळाचं दरपत्रक नवरात्रात बाहेर पडायला हवं. वसुबारसेला निघालेलं दरपत्रक म्हणजे वऱ्हाड जेवून उठल्यावर आलेली पत्रिका. उकडीच्या मोदकांचं तसंच: नारळी पौर्णिमा झाली की यादी सुरू. परदेशातल्या मुलांना जो फराळ जातो त्याची तयारी तर आणखी आधी, कारण पार्सलचे दिवस त्यात धरावे लागतात. सणाच्या धंद्यात जाहिरात किती केली यापेक्षा कधी केली हे मोठं, आणि तारीख बदलायला पैसे पडत नाहीत.

तिसरी रोजची गरज: दूध, भाजी, डबा, इस्त्री. इथे अडचण वेगळी. माणसाची सवय आधीच कुठेतरी बसलेली असते आणि उत्तम जाहिरातीनेही ती सहजी हलत नाही. पण सवयी आपोआप मोडतात असे काही दिवस असतात. घर बदललं. स्वयंपाकाच्या बाई महिनाभर गावी गेल्या. घरात बाळंतपण आलं. जूनमध्ये मुलगा कॉलेजसाठी गावाहून येऊन कॉट बेसिसवर राहिला. आपल्या काकूंनी पत्रकं वाटण्याआधी या दिवसांचे साक्षीदार कोण, याची यादी करावी. घरं भाड्याने देणारे एजंट, कॉट बेसिसच्या खोल्यांचे मालक, सोसायटीचे सेक्रेटरी. अशा दहा माणसांकडे काकूंचं कार्ड असलं आणि त्यातल्या तिघांनी तो डबा स्वतः खाल्लेला असला, तर दहा हजार अनोळखी घरांत कागद टाकण्यापेक्षा ते मोलाचं.

३. एक गिऱ्हाईक केवढ्याला पडलं?

आता थोडं गणित. गुणाकार-भागाकारापलीकडे काही नाही.

काकूंचा डबा ९० रुपयांना. किराणा, गॅस, मदतनिसांची आणि स्वतःची मजुरी धरून खर्च ७०. उरतात २०. (स्वतःची मजुरी धरायला बहुतेक घरगुती उद्योजक विसरतात आणि मग सवलत देताना हात सैल सुटतो. त्याकडे नंतर येऊ.) महिन्याचे २६ डबे घेणारं गिऱ्हाईक काकूंना महिन्याला ५२० रुपये देऊन जातं.

काकूंनी २,००० पत्रकं छापली. समजा छपाईला २,५०० लागले आणि पेपरात घालायला १,०००. एकूण ३,५००. वीस फोन आले. दहा जणांनी एक दिवसाचा डबा मागवून पाहिला. चौघांनी महिना लावला.

आता बघा. दहा चाचणी डब्यांतून २०० रुपये सुटले, म्हणजे ३,३०० अजून वसूल व्हायचे आहेत. टिकलेली चार गिऱ्हाइकं महिन्याला २,०८० देतात. दीड महिन्याच्या आसपास पैसे वसूल, पुढचं सगळं कमाई. प्रत्येक टिकाऊ गिऱ्हाईक ८७५ रुपयांना पडलं आणि ते वर्षभर राहिलं तर सौदा उत्तम आहे. पण त्या दहांतला एकही महिन्यासाठी थांबला नसता, तर तीच पत्रकं आणि तेच वीस फोन ३,३०० रुपयांचा खड्डा ठरले असते. म्हणजे जाहिरात स्वस्त की महाग हे छापखान्याच्या बिलावरून कळत नाही. एक टिकाऊ गिऱ्हाईक केवढ्याला पडलं आणि ते किती दिवस राहिलं, या दोन आकड्यांवरून कळतं.

पत्रकं काढायचीच तर दोन युक्त्या. वर्तमानपत्रात पत्रकं घालायचं काम पहाटे होतं. चौकातल्या एखाद्या दुकानाच्या पायरीवर गठ्ठे सुटतात आणि मुलं भराभर कागद सरकवत जातात. रविवारच्या अंकात क्लासेस, फर्निचर आणि सेल यांची एवढी गर्दी असते की घरी पेपर उघडल्यावर सगळा ऐवज एकदम खाली पडतो आणि एकदमच रद्दीत जातो. मधला एखादा साधा वार बरा. दुसरी युक्ती रंगाची. रामनगरला केशरी कागद, टिळकनगरला पिवळा. फोन आला की विचारायचं, "कुठल्या रंगाचा कागद मिळाला?" कुठला भाग फळला हे कळायला दुसरं काही लागत नाही.

हेच साडेतीन हजार काकूंना आणखी एका तऱ्हेने वापरता येतील. त्यांच्या तीस डब्यांपैकी बरेच ऑफिसात उघडतात. एका टेबलाभोवती सात-आठ जण बसलेले असतात. दर शनिवारी डब्याबरोबर एक जादा छोटी डबी द्यायची, कधी अळूवडीचे चार तुकडे, कधी खांडवी. वर चिठ्ठी: 'टेबलावर वाटून खा'. खर्च नगाला १२ रुपये धरला तर तीस डब्यांना ३६०. नऊ शनिवारांचे झाले ३,२४०. ज्यांना रोज दुपारी डबा लागतोच अशा माणसांच्या जिभेवर तुमची जाहिरात पोचली. पत्रकापेक्षा हे जास्त फळेल की कमी, हे वही सांगेल. मला विचाराल तर मी डबीवर पैज लावीन.

४. चमचाभर विरजण

तोंडोतोंडी होणारी प्रसिद्धी फुकट असते, असं सगळे म्हणतात. ती आपोआप होते, असाही समज आहे. तो खरा नाही. दह्याला विरजण चमचाभरच लागतं, पण दूध कोमट असावं लागतं. गार दुधात वाटीभर विरजण घातलं तरी सकाळी पातेल्यात दूधच. लोकांनी आपल्याबद्दल बोलावं यासाठी त्यांना बोलायला काहीतरी हवं आणि जे बोलले ते पुढच्याला तसंच मिळायला हवं.

लिज्जत पापडाचं उदाहरण इथे चपखल आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी ८० रुपयांच्या उसन्या भांडवलावर पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. सुरुवातीला त्या दोन प्रतींचे पापड करत, एक चांगला आणि एक हलका, स्वस्तातला. त्यांचे मार्गदर्शक छगनलाल पारेख यांनी सल्ला दिला की एकच प्रत करा आणि तिच्यात तडजोड करू नका. वरवर पाहिलं तर हा उत्पादनाबद्दलचा सल्ला आहे. मला तो प्रसिद्धीचाच सल्ला वाटतो. शेजारणीने "लिज्जतचे पापड घे" म्हणून सांगितलं आणि हाती हलकी प्रत आली, तर ती शेजारीण पुन्हा कुणाला काही सांगणार नाही. दूरदर्शनवर शब्दभ्रमकार रामदास पाध्यांच्या बोलक्या सशाने पापड खाल्ले ते खूप नंतर. तोवर पापड घराघरांतून कानोकानी पोचला होता.

काकूंच्या बाबतीत याचा अर्थ काय? मंगळवारी पोळ्या मऊ आणि गुरुवारी वातड असं चालणार नाही. आणि बोलायला एक तरी खास गोष्ट हवी. 'चविष्ट घरगुती जेवण' ही खासियत होत नाही, कारण प्रत्येक डबेवाला तेच छापतो. 'बुधवारी तांबडा भोपळा घालून घारगे' हे मात्र माणूस दुसऱ्याला सांगतो.

५. ज्याचे पैसे आधीच मोजलेत

पाटी, पिशवी, डबा, बिल यांचे पैसे आपण एरवीही देतोच. जाहिरात म्हणून त्यांच्याकडे कुणी बघत नाही.

पाटीपासून सुरू करू. 'श्री गणेश एंटरप्रायझेस' या पाटीवरून आत पंप दुरुस्त होतात की पापड मिळतात हे गणपतीलाच ठाऊक. नाव भक्तिभावाने ठेवा, पण त्याखाली ठळक अक्षरांत काम लिहा: 'मिक्सर, पंखे, मोटर दुरुस्ती'. अक्षर केवढं असावं? ढोबळ हिशेब असा की एक इंच उंचीचं अक्षर दहा फुटांवरून आरामात वाचता येतं. समोरच्या फूटपाथवरून पाटी वाचायची, अंतर चाळीस फूट, तर अक्षर चार इंच. दुचाकीवरच्या माणसासाठी आणखी मोठं, कारण त्याला वाचायला दोन-तीन सेकंदच मिळतात. म्हणून शब्द कमी ठेवा. महाराष्ट्रात २०२२ च्या दुरुस्तीनंतर लहान दुकानांनाही मराठी पाटी बंधनकारक आहे. नावाचं मराठी अक्षर देवनागरीत हवं आणि इतर भाषांच्या अक्षरांपेक्षा लहान असून चालत नाही. नवी पाटी करणारच असाल तर हे धरूनच करा.

मग डबा. फराळाचे प्लास्टिकचे डबे मराठी घरात सहसा टाकले जात नाहीत. चकली संपली की त्यात मूगडाळ जाते, डाळ संपली की मेतकूट. डबा वर्षभर फळीवर असतो. आता त्यावरचा स्टिकर कुठे आहे ते पाहा. झाकणावर असेल तर झाकणाची अदलाबदल होते. बाजूला कागदी स्टिकर असेल तर दुसऱ्या घासणीला निघतो आणि मागे चिकट डाग ठेवून जातो. तळाला, प्लास्टिकचा, तेलापाण्याने न पुसणारा स्टिकर लावला तर पुढच्या नवरात्रात तो नंबर त्याच घरात हाताशी असतो. कागदी आणि प्लास्टिकच्या स्टिकरमधला फरक नगाला काही पैशांचा. या एका बदलाइतकी स्वस्त जाहिरात मला दुसरी सुचत नाही.

खाद्यपदार्थ विकणाऱ्यांना एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी लागते. तिचा चौदा आकडी नंबर पाकिटावर छापावा. तो कायद्यासाठी आहेच, पण अनोळखी गिऱ्हाइकाला त्याने धीरही येतो, आणि प्रदर्शनात स्टॉल मागताना तो विचारला जातो.

६. बाजूच्या दुकानाशी सोयरीक

ब्लाउज शिवणाऱ्या ताईंचं गिऱ्हाईक त्यांच्याकडे येण्याआधी कुठे असतं? मॅचिंग सेंटरमध्ये, अस्तराचा तुकडा साडीच्या पदराला लावून बघत. तिथे मालक सहज विचारतो, "शिवायला कुणाकडे टाकणार?" त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून तुमचं नाव निघालं पाहिजे. प्रत्येक धंद्याच्या एक पाऊल आधी दुसरा धंदा उभा असतो. मंगल कार्यालयाच्या एक पाऊल पुढे मेंदी, फुलं, आहेराच्या पिशव्या. रंगाच्या दुकानाच्या पुढे रंगारी.

ही सोयरीक करताना पहिल्यांदाच कमिशनची भाषा नको. आधी आपण चार गिऱ्हाइकं त्यांच्याकडे पाठवावी. "अस्तर अमक्याकडून घ्या, रंग जात नाही" एवढं सांगितलं की आठवड्यात तिकडून माणूस येतो. कमिशन ठरलंच तर ते उघड आणि ठरीव असावं. गुपचूप दिलेलं कमिशन शेवटी गिऱ्हाइकाच्या बिलात चढतं आणि त्याला ते कधी ना कधी कळतंच.

सोयरीक प्रदर्शनातही जुळते, ती थेट गिऱ्हाइकाशी. पुण्याची भीमथडी जत्रा, बचत गटांचं महालक्ष्मी सरस किंवा गावोगावची छोटी ग्राहक पेठ, तिथे स्टॉल घेणाऱ्यांचा हिशेब बहुधा चुकतो. चार दिवसांचा गल्ला भाड्याशी ताडून "परवडलं नाही" म्हणतात. स्टॉलवर खरी मिळकत नंबरांची असते. चव पाहून थांबलेल्या माणसाचं नाव, भाग आणि नंबर त्याच्या परवानगीने वहीत उतरला, तर त्याची विक्री पुढे वर्षभर चालते.

७. फोनमधली दोन साधनं

गूगलवर धंद्याचं पान फुकट उघडता येतं. 'जवळचा डबा' असं कुणी शोधलं की नकाशासह जी दुकानं दिसतात ती याच पानांवरून. क्रम लावताना तीन गोष्टी पाहिल्या जातात असं गूगलच सांगतं: शोधाशी जुळणारं काम, अंतर आणि नावलौकिक. अंतर आपल्या हातात नाही, बाकी दोन बऱ्यापैकी आहेत. कामाचा प्रकार नेमका निवडा. घरून धंदा असेल तर पत्ता लपवून फक्त कोणत्या भागात सेवा देता ते दाखवता येतं, बायकांना ही सोय महत्त्वाची. वेळ खरी लिहा. दुपारी १ ते ४ बंद असेल तर तसंच लिहा, पुण्यात त्याचं कुणाला काही वाटणार नाही. 'उघडं' वाचून आलेल्या माणसाला कुलूप दिसलं तर मात्र तो तिथूनच दुसरीकडे फोन लावतो.

अभिप्राय मागायला लाजू नका, पण विकत घेऊ नका. पैसे किंवा सवलत देऊन अभिप्राय मिळवणं गूगलच्या नियमांत बसत नाही, आणि वीस जणांनी एकाच दिवशी 'अप्रतिम' लिहिलेलं वाचणाऱ्यालाही खुपतं. माणूस खूश दिसला की त्याच वेळी म्हणावं, "काय घेतलंत तेवढं दोन ओळींत लिहा." 'बेस्ट' या शब्दापेक्षा 'डायबेटिसमुळे ज्वारीच्या भाकऱ्या सांगितल्या होत्या, वेळेत आल्या' हे वाक्य दहापट काम करतं. वाईट अभिप्राय आला तर भांडू नये. काय झालं, काय केलं, दोन ओळी. ते उत्तर तक्रार करणाऱ्यापेक्षा पुढे वाचणाऱ्या पन्नास जणांसाठी असतं.

दुसरं साधन व्हॉट्सॲप बिझनेस. लहान धंद्याला हे ॲप फुकट आहे आणि त्यात मालाची यादी भावासकट लावता येते. इथे एक बारीक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. ब्रॉडकास्ट, म्हणजे एकच निरोप एका फटक्यात अनेकांना वेगवेगळा पाठवण्याची सोय. एका यादीत २५६ जण बसतात. पण ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केलाय त्यांनाच तो निरोप पोचतो. बाकीच्यांसाठी तुम्ही भिंतीशी बोलता. म्हणून पहिला डबा देतानाच सांगायचं, "नंबर 'डबा काकू' म्हणून सेव्ह करून ठेवा." कामाचं नाव आधी, कारण सहा महिन्यांनी माणसाला तुमचं आडनाव आठवत नाही, तो फोनमध्ये 'डबा' हाच शब्द शोधतो.

आणि निरोप काय पाठवायचा? बहुतेक असे असतात: वर लुकलुकणारी पणती, खाली 'आमच्याकडे सर्व प्रकारचा फराळ योग्य दरात मिळेल. संपर्क साधा.' यातून कळलं काय? भाव नाही, मुदत नाही, पदार्थ नाही. त्याऐवजी:

'भाजणीची चकली अर्धा किलो ३०० रु. बेसन लाडू (साजूक तूप) अर्धा किलो ३५० रु. ऑर्डर रविवारपर्यंत. रामनगर, टिळकनगर घरपोच. नमुना हवा असेल तर शनिवारी संध्याकाळी ५ ते ७ घरी या.'

सोबत स्वतःच्या कढईतला फोटो, इंटरनेटवरचा नको. चकलीचे काटे दिसले पाहिजेत. असे निरोप सणाला तीन पुरेत. रोज सकाळी सुविचार पाठवणाऱ्याला लोक मनातल्या मनात म्यूट करतात आणि फोनवर तर करतातच.

८. स्वस्त वाटणाऱ्या महाग गोष्टी

विजेच्या खांबावर, बसथांब्यावर, दुसऱ्याच्या भिंतीवर चिकटवलेले कागद फुकटचे वाटतात. महाराष्ट्रात १९९५ पासून मालमत्ता विद्रूपीकरणाविरुद्ध कायदा आहे. त्यात दंड आणि तुरुंगवास दोन्हींची तरतूद आहे, आणि पुरावा म्हणून तुमचा नंबर तुम्हीच छापून ठेवलेला असतो. ढिगाने एसएमएस पाठवून देतो म्हणणाऱ्यांपासूनही जपून. व्यापारी एसएमएससाठी पाठवणाऱ्याचं नाव आणि मजकुराचा नमुना दोन्ही आधी नोंदवावे लागतात. त्याला बगल देऊन 'लाख मेसेज' विकणारा तुम्हाला अडचणीत आणेल.

पण सगळ्यांत महाग पडते ती सवलत, आणि नेमकी तीच सगळ्यांना आधी सुचते. काकूंचा हिशेब पुन्हा काढू. ९० चा डबा, खर्च ७०, सुटतात २०. तीस डब्यांचे रोज ६००. काकूंनी दहा टक्के सवलत दिली. दहा टक्के म्हणजे ९ रुपये, ऐकायला किरकोळ. डब्यामागे आता ११ सुटतात. पूर्वीचे ६०० मिळवायला ६०० भागिले ११, म्हणजे ५५ डबे करावे लागतील. गिऱ्हाइकाला दहा टक्के दिले आणि काकूंचे पंचेचाळीस टक्के गेले. पंचवीस डबे जादा लाटायचे, भरायचे, पोचवायचे, आणि हातात पूर्वीइतकंच. शिवाय सवलत काढली की गिऱ्हाईक म्हणतं, "भाव वाढवलात!"

द्यायचंच असेल तर वस्तूत द्यावं. महिन्याचे पैसे आगाऊ देणाऱ्याला शुक्रवारी ताक. खर्च चार-पाच रुपये, आठवड्यातून एकदा. गिऱ्हाइकाला ते ताक बाजारभावाने पंधरा-वीस रुपयांचं वाटतं, काकूंना पडतं पाचाला, आणि डब्याचा भाव ९० वर कायम राहतो.

९. हात भरले की

एक वेळ अशी येते की या उपायांमधले दोन-तीन लागू पडतात आणि ऑर्डरी हाताबाहेर जातात. फराळात तर दरवर्षी होतं. नवरात्रात सुरुवात करावी, तर कोजागरीला ऐंशी किलोची यादी होते आणि काकूंच्या दोन शेगड्यांवर, तिघींच्या हातांनी, साठच निघतात. इथे लालूच सुटते. आणखी दोन बायका बोलावून, रात्री जागून कसंतरी ऐंशी किलो पुरं करायचं. मग चकली मऊ पडते, लाडू बसतात, आणि वीस किलोच्या हव्यासापायी साठ किलोवाले दुखावतात.

साठ झाले त्या दिवशी निरोप पाठवावा: 'यंदाच्या ऑर्डरी पूर्ण झाल्या. चकली नाही, पण २५ तारखेनंतर शंकरपाळे आणि चिवडा मिळेल. पुढच्या वर्षासाठी नाव आधी नोंदवायचं असेल तर कळवा.' हीही जाहिरातच, आणि खर्च शून्य. ज्यांना नाही म्हटलं त्यांची नावं वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवावीत आणि पुढच्या नवरात्रात दरपत्रक निघालं की पहिला निरोप त्यांना जावा, नेहमीच्या गिऱ्हाइकांच्याही एक दिवस आधी.